ज्योतीराम सुतारानं बांधलेलं सायकलचं चाक

चिंचवड गावात ज्योतीराम सुताराला चाकाबद्दल कुणी दोन शब्द सांगायची सोय नव्हती. बाकी माणूस वाईट नव्हता हो. कधी कुणाचं लाकूड ढापलं नाही, कबूल केलेलं काम लांबवलं नाही, बायकोवर हात उगारला नाही. पण चाक म्हटलं की गडी नाकावर माशी बसू द्यायचा नाही. आज्यानं चाकं केली, बापानं केली, आणि तिसऱ्या पिढीतही पवनेच्या दोन्ही अंगांच्या गावांतल्या बैलगाड्या त्याच्याच दारात यायच्या. माणसाची मान थोडी ताठ होणारच. ती किती ताठ ठेवायची हे मात्र त्याला वेळेत कळलं नाही, आणि त्यापायी जे झालं ते त्याच्या जिवाला कायमचं लागून राहिलं.

घरापुढच्या छपरात त्याचं मेट होतं, म्हणजे सुतारकामाची जागा. बाभळीचे ओंडके, वाकस, पटाशा, लाकडाचा भुसा. बैलगाडीच्या चाकात मधे तुंबा असतो, तुंब्यातून आरे निघतात, आऱ्यांवर लाकडाचे पुठ्ठे बसतात आणि या सगळ्याला बाहेरून लोखंडाची धाव आवळून धरते. ही धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, चौघांनी उचलून चाकावर बसवायची आणि वरून घागरी ओतायच्या. लोखंड आक्रसलं की अख्खं चाक मुठीत धरल्यासारखं होतं. मग ज्योतीराम हातोडीनं एकेक आरा वाजवून बघायचा. खणखणीत वाजला तर बरं, बद्द वाजला तर धाव उतरव आणि पुन्हा पहिल्यापासून. घट्ट ते चांगलं आणि अजून घट्ट ते अजून चांगलं, एवढं त्याचं शास्त्र. वीस वर्षांत ते खोटं पडल्याचं त्यानं पाहिलं नव्हतं.

आणि सुतारांत एक रीत होती. एका सुतारानं बांधलेल्या चाकाला दुसऱ्या सुतारानं, पहिल्यानं स्वतः सांगितल्याशिवाय, हत्यार लावायचं नाही. लावलं तर तो पहिल्याचा अपमान. एकदा आकुर्डीच्या एका शेतकऱ्यानं ज्योतीरामचं चाक दुसऱ्याकडून ठोकून घेतलं, तर ज्योतीरामनं तीन वर्षं त्याच्या गाडीकडं मान वळवून पाहिलं नाही. असा हा माणूस.

त्याचा धाकटा भाऊ चिमाजी, अकरा वर्षांनी लहान. आईबाप लवकर गेले, तेव्हा ज्योतीराम आणि त्याची बायको गोजाबाई यांनीच त्याला वाढवला. चिमाजीचा हात लाकडावर बसला नाही. तो खडकीच्या एका कारखान्यात लागला, पण हंगामी. काम आहे तोवर या, नाही तर घरी बसा. रोज चिंचवडाहून खडकीला जायला त्यानं एक जुनी काळी सायकल घेतली होती. दुधाच्या चार चरव्या अडकवल्या तरी कुरकुरणार नाही अशी ती जड, अन् तशीच मंद. पण चिमाजीचे पाय असे होते की त्या धोंड्यावर बसून तो मुंबई रस्त्यावरच्या एसटीशी शर्यत लावायचा, आणि कासारवाडीपर्यंत तिला पुढं जाऊ द्यायचा नाही. एसटीतले लोक खिडकीतून माना काढून शिट्ट्या मारायचे.

दापोडीला रेल्वे फाटकाजवळ बबनरावांचं सायकलचं दुकान होतं. बबनराव मूळचे कोकणातले, शांत माणूस, हातात कायम पाना. त्यांनी या पोराचे पाय बरोबर हेरले. चोपन्नच्या दिवाळीत त्यांनी बातमी दिली की येत्या सव्वीस जानेवारीला दापोडीचं मंडळ सायकलची शर्यत घेणार आहे, दापोडी ते तळेगाव आणि परत. आणि खरी गोष्ट पुढंच होती. चिमाजीच्या कारखान्याला खेळाडू हवे होते. साहेबानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं की आपला माणूस पहिला आला तर त्याला कायम करीन.

कायम! त्या काळी या एका शब्दासाठी माणसं काय वाटेल ते करायची. कायम झालं की घर चालतं, लग्न जमतं, म्हातारपणाची काळजी मिटते. चिमाजीनं त्या दिवशी घरी येऊन गोजाबाईला सांगितलं, "वयनी, पयला आलो तर माझं नशीब उघडलं बघ." गोजाबाईनं लगेच त्याच्या ताटात भाकरीवर तूप ओतलं.

बबनराव म्हणाले, "पाय आहेत, गाडी नाही. नवी गाडी तुझ्या आवाक्यात नाही, तर निदान चाकं बदल. बाकीच्या लोखंडाला नुसतं वाहायचं असतं रे. चाकाला वाहायचंही असतं आणि फिरवायचंही असतं. चाकातलं पावशेर कमी झालं तर अंगातलं शेर कमी झाल्यासारखं वाटतं."

हे चिमाजीनं घरी सांगितलं आणि ज्योतीराम कान टवकारून बसला. चाकं बदलायची? चाकांचा विषय या घरात निघतो आणि आपल्याला कुणी विचारत नाही? दुसऱ्याच दिवशी तो खडकीच्या एका भंगारवाल्याकडं गेला. या भंगारवाल्याच्या दोन हातगाड्यांची चाकं ज्योतीरामनंच करून दिली होती. तिथं कुठल्याशा गोऱ्या साहेबाची मोडकी शर्यतीची सायकल पडली होती. सांगाडा वाकलेला, पण दोन्ही रिमा अल्युमिनियमच्या, हातात घेतल्या तर वजनच लागेना. ज्योतीरामनं तिसऱ्या हातगाडीची चाकं बांधून द्यायचं कबूल केलं आणि रिमा खांद्यात अडकवून चालत घरी आला. वाटेत भेटेल त्याला दाखवत आला. खरंच सांगतो, इतका हरखलेला ज्योतीराम गावानं त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

बबनराव म्हणाले, "आणा इकडं. तारा भरून, आउट काढून देतो. दोन दिवस लागतील."

आउट काढणं म्हणजे चाक डुलतं का, वेडंवाकडं फिरतं का ते बघत एकेक तार सैल-घट्ट करून ते सरळ आणणं. मोठं किचकट काम. पण ज्योतीराम दुकानाच्या पायरीवर हात कमरेवर ठेवून उभा राहिला आणि हसला. "बबनराव, आमी काय आज चाकं बघतोय व्हय? माझ्या भावाचं चाक मीच बांधणार."

"बांधा की. पण एक सांगू का? तुमच्या गाडीचं चाक खालच्या आऱ्यावर उभं राहतं. सायकलचं चाक उभं राहत नाही, लटकतं. सगळा भार वरच्या तारांवर. आणि ही रिम मऊ आहे. ओढून ओढून आवळाल तर तिला सोसायचं नाही."

"म्हंजे बाजेगत? काथ्याच्या?"

"हां, बाजेसारखंच."

"मग बाज विणायला बायकांना सांगा," असं म्हणून ज्योतीराम मोठ्यांदा हसला. दुकानातली दोन गिऱ्हाइकंही हसली. बबनराव हसले नाहीत. ते आपल्या पंक्चरकडं वळले.

ज्योतीरामनं आठ दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. मेटावर दोन खुंट रोवले, त्यात चाक धरणारा सायकलचा चिमटा उलटा अडकवला आणि चाक फिरवत बसला. जुन्या चाकांतले हब काढले, घासले, नव्या तारा आणल्या. मडगार्ड, कॅरियर, स्टँड सगळं उतरवलं. आणि काम सुबक केलं हं, त्यात खोट काढता यायची नाही. चाक फिरायला लागलं की ते फिरतंय का थांबलंय कळू नये इतकं सरळ. बबनरावांनी पाहिलं असतं तर त्यांनीही मान डोलवली असती. ज्योतीरामनं तिथंच थांबायला हवं होतं. पण त्यानं सवयीप्रमाणं हातोडीचा दांडा घेतला आणि एकेक तार वाजवली. आवाज त्याला बद्द वाटला. मग पुन्हा फेरी, पुन्हा आवळ. पुन्हा वाजव. शेवटी शेवटी तो तारा आवळायच्या चावीला फडकं गुंडाळून दोन्ही हातांनी पिळत होता. तारा सतारीसारख्या वाजायला लागल्या तेव्हा कुठं त्याचं समाधान झालं.

शर्यतीच्या दोन दिवस आधी चिमाजीनं निगडीपर्यंत एक फेरी मारली आणि घामानं निथळत परत आला. "दादा, गाडी पळत न्हाई, उडतीया!" ज्योतीराम छपरात बसून बिडी ओढत होता, त्यानं नुसती मान हलवली, पण आतून तो फुगला. मग चिमाजी पुढच्या चाकाशी बसला. "दादा, वळणावर तारा टिंग टिंग करतात. आन् हितं बघ. भोकापाशी. चीर हाय का रं ही?"

ज्योतीराम उठून जवळ गेला. वाकून पाहिलं. तारेच्या भोकातून केसाएवढी रेघ निघाली होती.

आता खरं ते सांगायला पाहिजे. ज्योतीरामला ती चीर आहे हे कळलं. लाकडातली तडा गेलेली जागा अंधारात बोटानं ओळखणारा माणूस तो, त्याला उजेडात चीर कळणार नाही? पण लगेच त्याला बबनरावांचं तोंड आठवलं, ती बाज आठवली, ती हसलेली गिऱ्हाइकं आठवली. आणि तो म्हणाला, "ओरखडा हाय तो. जुनी रिम हाय."

"बबनरावांना एकदा दाखवू का?"

झालं. ज्योतीरामच्या डोक्यात तिडीक गेली. "दाखव की! जा! माझ्या चाकाला दुसऱ्याची चावी लागली तर या घरात मला तोंड दाखवू नगंस. भावानं बांधलेलं चाक तुला चालत न्हाई, आँ? मग भाऊ तरी कशाला पायजे?"

गोजाबाई दारात येऊन म्हणाली, "अवो, दाखवलं तर काय बिघडतंय?" तिच्यावरही तो गुरकावला. चिमाजीनं फडक्यानं रिम पुसली, पुन्हा पुन्हा पुसली, आणि सायकल भिंतीला लावून आत गेला.

सव्वीस जानेवारीला सकाळी थंडी मी म्हणत होती. ज्योतीराम गावातल्या चारसहा जणांना घेऊन देहूरोडच्या उतारापाशी जाऊन उभा राहिला होता. तळेगावाहून परतताना सगळे तिथूनच यायचे. साडेनवाच्या सुमाराला पलीकडून आरडाओरडा ऐकू आला. उतारावर पहिला दिसला तो चिमाजीच. एकटा! मागचा गडी पाव मैल मागं. लोक ओरडायला लागले, "चिंचवड, चिंचवड!" आणि ज्योतीराम डोक्याचा पटका काढून हवेत फिरवायला लागला.

रस्ता तिथं गुळगुळीत होता. गाडी नाही, जनावर नाही, खडा नाही. उताराच्या पायथ्याशी चिमाजी वळणाला जरासा कलला आणि पुढचं चाक फुटलं. फुटलं म्हणजे काय, काडकन आवाज झाला आणि गोल चाकाची एकदम वाकडी घडी झाली. चिमाजी सायकलीवरून उडून पुलाच्या दगडी कठड्यावर आपटला.

माणसं चिमाजीकडं धावली. ज्योतीरामही धावला. पण पहिल्यांदा त्यानं चिमट्यातून निसटून रस्त्यात पडलेलं ते चाक उचललं आणि खांद्यावरच्या घोंगडीखाली घेतलं. मग तो भावाकडं गेला. ही एवढीच दहा पावलं, पण पुढं किती वर्षं तो मनात ती पुन्हा चालत राहिला, आणि दर वेळी सरळ भावाकडं जाऊ बघायचा.

कुणीतरी विचारलं, "काय झालं हो? कसा पडला?"

"खड्डा," ज्योतीराम म्हणाला. "खड्डा व्हता. त्याला दिसला न्हाई."

चिमाजी शुद्धीवर होता. त्यानं भावाकडं पाहिलं, घोंगडीकडं पाहिलं, आणि दात आवळून म्हणाला, "व्हय. खड्डा व्हता."

पुण्याच्या इस्पितळात दीड महिना गेला. पायाचं हाड जुळलं, पण गुडघा ताठ तो ताठच राहिला. कायम होणं दूरच, हंगामी कामही गेलं. उभं राहून करायचं काम ताठ पायाला कसं जमणार? घरी परतल्यावर चिमाजी चार महिने ओट्यावर बसून राहिला. मग बबनराव एक दिवस आले. चाकाबद्दल, शर्यतीबद्दल एक अक्षर नाही. फक्त म्हणाले, "बसून करायचं काम आहे माझ्याकडं. येतोस?" तेव्हापासून चिमाजी दापोडीच्या दुकानात खोक्यावर पाय लांब करून बसायचा आणि चाकांचा आउट काढायचा. दीड वर्षात त्याचा हात असा तयार झाला की पुण्याहून लोक चाकं घेऊन यायला लागले.

इकडं ज्योतीरामच्या दारात बैलगाड्या पहिल्यासारख्याच येत होत्या. खड्ड्याची गोष्ट खुद्द पडलेल्यानंच सांगितली म्हणून गावानं मानली होती. कुणी विषय काढला की ज्योतीराम म्हणायचा, "रस्तेच तसले, काय करणार." आणि चिमाजी तिथं असला तर तोही मान हलवायचा. या मान हलवण्याचं ज्योतीरामला आधी बरं वाटायचं. मग बरं वाटेनासं झालं. मग तर चिमाजी समोर असताना त्याला घास उतरेना. कितीदा त्यानं ठरवलं की आज बोलायचं. आज बोलू, उद्या बोलू, पोळा झाला की बोलू. हातोडी धरणारा माणूस, पण जीभ उचलेना.

सत्तावन्न सालच्या माघात देहूचं स्थळ आलं. मुलीचे वडील मारुतराव, हेही सुतार, चाकं करणारे. मुलगी इंद्रायणी, सातवी शिकलेली, बोलायला मोकळी. ज्योतीराम, गोजाबाई आणि चिमाजी बघायला गेले. पोहे झाले, चहा झाला. मुलीनं चिमाजीच्या पायाकडं पाहिलं आणि सरळ विचारलं, "लई दुखतं का?" चिमाजी म्हणाला, "थंडीत जरा." ती हसली, तोही हसला. गोजाबाईनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. जमलंच म्हणायचं.

मग मारुतराव म्हणाले, "पाव्हणं, राग मानू नका. पोरगी द्यायची म्हंजे विचारावं लागतं. पाय कशानं गेला?"

"शर्यतीत पडलो," चिमाजी म्हणाला. "खड्डा व्हता."

"चाकाचं काय झालं?"

"चाक मोडलं."

"कसं मोडलं? बसलं का वाकलं?"

"घडी झाली."

मारुतरावांनी पुढं विचारलं, "चाक कुणी बांधलं व्हतं?"

"दादानं," चिमाजी म्हणाला. आवाज अगदी साधा. "पर चाकात काय दोष न्हवता. मलाच खड्डा दिसला न्हाई. चूक माझी."

मारुतराव ज्योतीरामकडं पाहत होते. गोजाबाई पाहत होती. ज्योतीराम कपातल्या उरलेल्या चहाकडं बघत मूग गिळून बसला. त्याच्या घशाशी शब्द आला होता, खरंच आला होता. पण समोर चाकं करणारा माणूस बसलेला. त्याच्यापुढं म्हणायचं, की मी चाक चुकीचं बांधलं? चीर दिसली तरी भावाला वर बसवला? त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "रस्तेच तसले हायत."

"कळवतो," मारुतराव म्हणाले.

परतताना स्टेशनपर्यंत चालायचं होतं. गोजाबाई पुढं निघून गेली होती, नवऱ्याशी एक शब्द न बोलता. चिमाजी पाय ओढत चालत होता आणि ज्योतीराम त्याच्या चालीनं. बऱ्याच वेळानं चिमाजी म्हणाला, "मला वाटलं व्हतं, आज तरी तू बोलशील."

एवढंच. पुढं काही नाही, रागही नाही. ज्योतीरामला वाटलं याच्यापेक्षा यानं रस्त्यात मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. घरी गेल्यावर गोजाबाई मात्र बोलली. "जीभ झडली व्हती का तुमची? पोरगं तुमच्यासाठी आपल्या तोंडाला काळं लावून घेतं आन् तुमी चहा बघताय!"

चार दिवसांनी निरोप आला की योग नाही.

ज्योतीराम त्याच दिवशी दुपारी एकटाच देहूला गेला. मारुतराव अंगणात चाकाचा पुठ्ठा तासत बसले होते. ज्योतीरामनं पायातल्या वहाणाही काढल्या नाहीत, उभ्या उभ्याच सगळं ओकून टाकलं. रिमा, तारा, बबनरावांनी सांगितलेलं, ती चीर, घोंगडीखाली घेतलेलं चाक. "खड्डा न्हवताच. त्यो बघून चालणारा, सावध पोरगा हाय. चूक माझी. त्याला नकार देऊ नका."

मारुतरावांनी वाकस खाली ठेवला. "बसा," म्हणाले. मग म्हणाले, "हे मला त्याच दिशी कळलं व्हतं. खड्ड्यानं अशी घडी व्हत न्हाई. आपण दोघं चाकं करतो, आपल्याला न्हाई कळायचं तर कुणाला? त्या दिशी मी पोराची पारख करीत न्हवतो. तो खोटं बोलतोय आन् कुणासाठी बोलतोय, तेवढ्यावरच तो मला पसंत पडला व्हता. मी तुमच्याकडं बघत व्हतो. म्हटलं, आता बोलतील, आता बोलतील. तुमी कप खाली ठेवीस्तोवर थांबलो."

ज्योतीरामनं मान खाली घातली.

"पोरगी त्याला दिली असती. अजूनही देईन. पर भाकरी तिला तुमच्या घरात थापावी लागंल. ज्या घरात धाकट्यानं मरायचं आन् थोरल्यानं गप बसायचं, त्या घरात न्हाई देणार."

"मग त्याला वेगळा काढतो," ज्योतीराम घाईनं म्हणाला.

"तुमी काढू नका. त्याला इचारा. आजवर काय इचारलंय का त्याला?"

घरी येईपर्यंत ज्योतीरामनं सगळं मनात जुळवलं. चिमाजीला विचारायचं आणि चिमाजी नाही म्हणेल, याची त्याला खात्री होती. म्हणेल, दादा, तुला सोडून कुठं जाऊ? तू अन् वयनीनं मला वाढवलं. मग आपण म्हणू, न्हाई रे, तुझ्या सुखासाठी जा. तो रडेल, आपण रडू, आणि त्या रडण्यात सगळं धुऊन जाईल. खरं सांगायचं तर वाटेत त्याचे डोळे या विचारानंच भरून आले होते.

चिमाजी ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होता. ज्योतीराम त्याच्यासमोर बसला. दोन वर्षं घशात अडकलेलं पहिल्यांदा बोलला. "चिमा, चाक माझं चुकलं. चीर मला दिसली व्हती."

"माहीत हाय," चिमाजी म्हणाला आणि तेल चोळत राहिला.

मग ज्योतीरामनं मारुतरावांचं सगळं सांगितलं. आणि शेवटी, आवाज सांभाळत, विचारलं, "वेगळा राहतोस का?"

चिमाजीचा हात थांबला. त्यानं वर पाहिलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता, पाणी नव्हतं, तसलं काहीच नव्हतं. उलट पुष्कळ दिवस दाबून ठेवलेला श्वास सोडावा तसा त्याचा चेहरा सैल पडला.

"कधी?" त्यानं विचारलं.

धाकट्याला जाऊ देताना आपल्याला किती दुःख होईल याचा विचार ज्योतीरामनं वाटभर केला होता. जायला तो किती दिवसांपासून तयार बसलाय हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. आतून गोजाबाईचा आवाज आला, "भाऊजी, पिंपरीला बबनरावांच्या वळखीची खोली रिकामी हाय म्हणत व्हतात ना?"

"व्हय वयनी," चिमाजी म्हणाला. "चार म्हयने झालं, त्यांनी ठेवलीया."